सात डोहांची राणी नवी झाली तेव्हा

पोशीर गावाच्या खालच्या अंगाला नदी वळते, तिथला डोह वरून बघाल तर फसाल. पाणी एवढं निवांत, की वाटावं कुणी परातीत काढून ठेवलंय. पण काठाचा काळा कातळ खालून पोखरलेला आहे. त्या कपारीत पाणी आत जातं, ते कुठून निघतं हे आजवर कुणाला कळलेलं नाही. गावातल्या चिमाचा धाकटा भाऊ त्या कपारीत गेला. आईबापाला अग्नी द्यायला देहसुद्धा मिळाला नाही.

त्यानंतर मात्र गावातलं एकही पोर त्या डोहात उतरलं नाही, आणि त्याचं पुण्य द्यायचं तर एका पिक्चरला द्यावं लागेल.

चिमा तेव्हा लग्नाची झालेली. ‘सात डोहांची राणी’ काढायला मुंबईची माणसं आली. राजपुत्र सात डोह ओलांडून सूर्याचा घोडा आणायला निघतो आणि सातव्या डोहात राणी केस सोडून बसलेली असते, अशी ती गोष्ट. राणी झालेल्या बाईनं पाण्याला पायाचं बोट लावलं आणि म्हणाली, मी नाही जायची. चिमाचे केस गुडघ्याला टेकायचे आणि पोहण्यात ती बाप्यांना मागं टाकायची. तिच्या बापानं तिच्या कमरेला दोर बांधला, टोक स्वतःच्या मुठीत धरलं, आणि काठच्या उथळ पाण्यात ती तोंड खाली घालून पडून राहिली. पिक्चरमध्ये दिसतात ते नुसते केस. ते हळूहळू फिरायला लागतात आणि राजपुत्राचा दोस्त हसत हसत आत चालत जातो. बस्स. ना रक्त, ना किंकाळी. पण बघणाऱ्याच्या पाठीतून थंडी जायची.

दरवर्षी गणपतीत चादर बांधून तोच पिक्चर. पोरांना राजपुत्राची वाक्यं पाठ, घोड्यावर सगळ्यांचा जीव. केसांची वेळ आली की अख्खं पटांगण आयांच्या पदराखाली.

चिमाला ते भोवलं. बाहेरगावची स्थळं दारातून परत गेली. “डोहातली सून नको आमाला.” शेवटी गावातल्याच हिरूनं मागणी घातली. तो म्हणायचा, “राणीच घरात आणली, आता भ्यायचं कुणाला?” जाईपर्यंत तो माणूस तिला हसवत राहिला. पोरं तिच्या अंगणासमोरून पळत जायची, तरी तिनं कधी कुणाला समजावलं नाही. म्हणायची, “भिऊ दे. भ्यालेलं पोर सांजंला घरी येतं.”

या दिवाळीत तो पिक्चर नवा होऊन आला. चिमाच्या मुलानं, नीलेशनं, टेंपो काढला आणि निम्मं गाव कर्जतला थेटरात नेऊन बसवलं. म्हातारीकोतारी तर लग्नाला निघाल्यासारखी नटलेली.

घोडा आला तो पंखांचा, आणि विनोद करत होता. डोहाचं पाणी कपड्यांना घालायच्या निळीसारखं. राणीला हिरे, राणीला गाणं, राणीच्या लहानपणी कुणी तिला फसवलं त्याची भलीमोठी कहाणी. पोरं केसांची वाट बघत एकमेकांचे हात धरून बसली होती. केस आले, तर राजपुत्रानं ते विंचरून दिले! मग सगळेच पाण्याखाली नाचले, बोलले, हसले. एवढी माणसं पाण्यात, पण कुणाच्या तोंडातून बुडबुडा नाही.

चिमा पडद्याकडं बघतच नव्हती. ती पोरांची तोंडं बघत होती. हातातले हात सुटत गेले.

परतताना टेंपोत मोठी माणसं शिव्या घालत होती. “घोड्याचं गाढव केलं रं मेल्यांनी!” चिमाची नात रुचिता तिच्या मांडीला टेकून म्हणाली, “आज्जी, ती वाईट नव्हतीच गं. एकटी होती बिचारी.”

चिमानं तिच्या अंगावर पदर ओढला.

दोन दिवसांनी भाताची कापणी चालू असताना तिनं डोहाकडून हसण्याचा आवाज ऐकला. त्या बाजूनं हसणं तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. विळा टाकून गेली, तर पोरं कातळावर पाय सोडून बसलेली, रुचिता सगळ्यांत पुढं.

“उठा तिथनं! राणी ओढंल.”

“ओढू दे की,” रुचिता म्हणाली. “विंचरून देऊ तिला.” पोरं खिदळली.

चिमा ओरडली नाही. घरी गेली, फवारणीचा निळा कॅन आणला, अर्धा पाण्यानं भरला, झाकण घट्ट केलं. “हा बघा,” म्हणाली आणि कातळापाशी सोडला.

कॅन हळूच फिरला. एक गिरकी, दुसरी. मग कातळाला टेकला आणि खालून कुणी बोलावल्यासारखा आत गेला.

“येईल की वर,” कुणीतरी म्हणालं.

“बसा मग.”

बसली. ऊन कातळावरून सरकलं. पोरं खालच्या वळणापर्यंत जाऊन बघून आली. कॅन कुठंच नव्हता. “माझा भाऊ असाच गेला,” चिमा म्हणाली. “राणी-बिणी काय नाय. पाणी हाय. त्याला कुणी एकटं नाय, कुणी बिचारं नाय.” रुचितानं पाय वर घेतले.

तेवढ्यात पलीकडच्या काठाला गाडी थांबली. शेलूच्या नव्या बिल्डिंगांतली चार तरुण पोरं-पोरी. जुन्या पिक्चरची जागा त्यांना मोबाइलवर सापडली होती. चिमानं हाका मारल्या, त्यांनी हात हलवले. मग ती रुचिताला घेऊन साकवावरून धावत पलीकडं गेली.

“आज्जी, हीच ना ती जागा?” एकानं विचारलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

“उतरू नका,” रुचिताच बोलली. “आमचा कॅन आत गेलाय. अजून आला नाय.”

“एवढंच ना? काढून देतो की!” म्हणत त्यानं शर्ट काढला, मोबाइल त्यात गुंडाळला आणि पाण्यात पाय घातला.

सांगून उपयोग नाही हे चिमाला कळलं. तिनं ते गाठोडं उचललं, काखेत मारलं आणि तरातरा गावाकडं चालू लागली.

“ओ आज्जी! मोबाइल! चोर, चोर!”

चौघंही धावली, ओल्या पायांचा तो सगळ्यांत पुढं. देवळाच्या पायरीवर चिमा थांबली, धाप लागलेली. गाठोडं त्याच्या हातात दिलं. “घे बाबा. याच्यासाठी तरी आलास.”

तो काय काय बोलला, ते रुचितानं ऐकलं नाही. ती वळून बघत होती. नदीपलीकडं अजून एक गाडी उतरत होती, आणि तिच्यामागं दुसरी.