न घातलेल्या चपला

कपाट आवरताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाबांच्या चपलांची जोडी हाती आली. इतक्या वर्षांनीही कोऱ्या चामड्याचा वास तसाच होता, आणि सोलापुरातल्या आमच्या घरातला तो रविवार डोळ्यांपुढे उभा राहिला.

बाबांना अंथरुणाला खिळून वर्ष झालं होतं. आई चर्चहून आली ती या चपला घेऊनच. पलंगाखाली त्या नीट मांडत म्हणाली, "आज चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून साक्ष दिली. तुमी बरे झालात म्हणून देवाचे उपकार मानले. मागतानाच मिळालं असं धरायचं, मग मिळतंय की."

ती चहा ठेवायला आत गेल्यावर बाबा मला म्हणाले, "घाल गं पायात." सुजलेल्या पायात चप्पल अंगठ्याच्या पुढं सरकेना. मी खोबरेल लावून पाहिलं. शेवटी त्यांनीच माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. आता मी गेलो तर सगळ्यांसमोर तुझी आई खोटी ठरंल गं," एवढंच म्हणाले आणि डोळे मिटून पुटपुटत राहिले.

मला वाटलं, बरं होण्यासाठी मागताहेत. पुढच्या रविवारच्या आत ते गेले. आई त्यानंतरही चर्चला जायची, पण शेवटच्या बाकावर बसायची. साक्षीची वेळ आली की मान खाली घालायची.

मीही जेवणाआधी डोळे मिटते, आमेन म्हणते. मागत काही नाही. बाबांनी त्या दिवशी स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं, हे आता कळतं. आई खोटी ठरू नये, एवढंच मागितलं होतं. तेवढंही मिळालं नाही.