मागच्या चाकाचा रंग

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. विषय निघाला की कपाशीच्या भावाचं काढायचो. आता माझ्याशिवाय ती सांगणारं कोणी उरलं नाही.

साक्रीकडच्या आमच्या गावात आमचा ट्रॅक्टर सगळ्यांत जुना, पण दसऱ्याला पूजेसाठी उभा केला की नव्यांच्या रांगेत उठून दिसायचा. तसा सजवायचं काम माझ्या धाकट्या भावाचं. एका वर्षी त्याने चाकांच्या लोखंडी रिंगा रंगवायला घेतल्या. मी म्हणालो, गंजावरूनच मार एक हात आणि मोकळा हो. त्याने ऐकलं नाही. तारेच्या ब्रशने घासून लोखंड उजळ केलं, रॉकेलने पुसलं, वर गंज रोखणारं रेड ऑक्साइड दिलं. ते पुरतं वाळेपर्यंत रंगाचा डबा कुणाला उघडू दिला नाही.

नांगरताना चाक घसरू नये म्हणून मागच्या ट्यूबमध्ये पाणी भरतात. त्या वर्षी ते मी भरलं. कपाशीचं खत ज्या ड्रममध्ये कालवायचो, त्याच ड्रममधून. तळाला खत बसलं होतं. धुवायचा कंटाळा केला. व्हॉल्व्ह जरासा गळत होता, तोही तसाच राहू दिला.

पुढच्या दसऱ्याला व्हॉल्व्हजवळचा रंग फुगून निघाला होता. पूजेला जमलेल्या गावासमोर मी भावाला म्हणालो, "हाऊ रंग शे का मेंदी? लगेच उतरना!"

सगळे हसले. त्याने हातातला नारळ माझ्याकडे दिला आणि बाजूला झाला. त्या ट्रॅक्टरला पुन्हा ब्रश लावला नाही. पिंपळनेरला जाऊन ट्रॉल्या रंगवू लागला. रस्त्यात एखादी ट्रॉली चमकली की हात कुणाचा ते मी लांबून ओळखायचो. शेजारी बसलेल्याला सांगायचो, "मना भाऊनं काम शे." त्याला मात्र कधी सांगितलं नाही.

पुढे टायर झिजले, उतरवले, तेव्हा सगळं उघडं पडलं. बाहेरचा त्याचा उरलेला रंग नखाने खरवडला तरी निघेना. आत, व्हॉल्व्हच्या भोकाभोवती, खताच्या पाण्याने लोखंडाचा पापड केला होता.

तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घेतला. बाकी सगळं त्याच्या पद्धतीने मी स्वतः केलं. बोटं सोलली, पण घाई केली नाही. दसऱ्याला पोरं विचारू लागली, "आबा, रिंगा नव्या टाक्यात का?" जुन्याच आहेत, असं सांगताना माझी छाती फुगली.

संध्याकाळी भाऊ सोनं द्यायला आला. पाया पडला, आपट्याची पानं हातात दिली आणि थेट चाकापाशी जाऊन बसला. बोट फिरत फिरत वेल्डिंगवर थांबलं.

"मझारथीन खायेल शे, भाऊ."

गंज आतून लागला होता, हे त्याने ओळखलं. माझ्याकडे पाहत थांबला.

मी विचारलं, "रंग कसा बसना?"

"झकास," तो म्हणाला आणि हसला. "मेंदी नही शे."

मीही हसलो, आणि ओठांवर आलेलं मागे गेलं. पुढचा दसरा त्याने पाहिला नाही. बोलायचं होतं ते एवढंच : ते पाणी मी भरलं होतं, तुझ्या रंगात काही खोट नव्हती. माझं चुकलं.