चौथ्या मॅरेथॉनचा फोटो

थांबा, पाय अजून गरम पाण्याच्या बादलीत आहेत, पण हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच हवं. तिनं फोटो टाकलाय आणि लोक मला अभिनंदन म्हणतायत!

ती म्हणजे माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, आमच्या खालच्याच मजल्यावर राहते. जानेवारीत पांडवलेणीचा चढ पळून मिसळ खाताना आम्ही ठरवलं, यंदा चार मॅरेथॉन. अख्ख्या, बेचाळीस किलोमीटरवाल्या. आणि चारही वेळा शेवटची रेघ हातात हात घालून ओलांडायची. आई म्हणाली, "त्यासाठी पैसे कशाला भरता? द्वारकेच्या चौकात रोज रस्ता ओलांडा, तेवढाच दम लागतो."

मुंबई झाली. पुण्यात हिचं पोट बिघडलं, तर मी त्या प्लॅस्टिकच्या संडासाबाहेर दार धरून उभी, मागचे सगळे पुढे गेले. संभाजीनगरला ऊन असलं बेकार की शेवटी चालतच होतो, पण हात सोडला नाही. खरं सांगते, मी हिच्यापेक्षा फास्ट आहे, पण मला एकटीला पुढे जायचंच नव्हतं ना! हिचा फोनसुद्धा कायम माझ्या कमरेच्या पाउचमध्ये, कारण हिला तो पळताना टोचतो.

आणि आज चौथी, आपल्या नाशकात. गंगापूर रोडला, बत्तीस किलोमीटरच्या पाटीपुढे हिच्या पोटरीत गोळा आला. डिव्हायडरवर बसली, पार रडकुंडीला.

"ए, मागच्या औषधांच्या टेबलावर दुखण्याचा स्प्रे होता बघ. आण ना, प्लीज."

बत्तीस किलोमीटर पळून झाल्यावर उलटं मागे पळायचं! तरी गेले. टेबलावरचे काका म्हणे, "बाटली नेता येणार नाही, पेशंटला इथं आणा." मी जवळजवळ हिसकावूनच आणली.

येऊन बघते तर डिव्हायडरवर नुसती केळ्याची साल.

मला वाटलं चक्कर आली असेल, कुणीतरी उचलून नेलं असेल. फोन करावा तर तो माझ्याच कमरेला. पोलीसदादांना विचारलं, "पिवळ्या टीशर्टातली मुलगी बघितली का?" ते म्हणाले, "मॅडम, सकाळपासून पिवळंच बघतोय." सगळ्यांना तोच टीशर्ट! परत मागे गेले, अँब्युलन्समध्ये डोकावले, तिथं एक काका पाय वर करून पडलेले. मग पुढे, पाण्याच्या प्रत्येक टेबलावर हिचं वर्णन सांगत, हातात ती बाटली. देवाला म्हटलं, मेडल राहू दे, पण ही नीट असू दे.

पोचले तेव्हा शेवटच्या रेघेवरच्या कमानीतली हवा सोडत होते. वेळ संपलेली. एका पोरीनं माझ्या बुटावरची टायमिंगची चिप काढून घेतली. मेडल नाही दिलं.

आणि ही मंडपात, गळ्यात मेडल घालून मिसळ खातेय!

"अगं, होतीस कुठं? तुझी तर्री गार झाली."

"मी? तू कुठं होतीस?"

"पाय सुटला ना एकदम! घड्याळ बघितलं तर माझं बेस्ट टायमिंग येत होतं गं. म्हटलं तू काय, गाठशीलच." मग तिनं हात पुढे केला. मला वाटलं, आता सॉरी म्हणेल.

"माझा फोन दे ना, फोटो टाकायचाय."

आणि मी दिला! पाउचची चेन उघडून दिला!

तोच हा फोटो. ही एकटी, मेडल दातात धरून. खाली लिहिलंय, 'चार मॅरेथॉन, एकच पार्टनर', आणि मला टॅग केलंय. आत्ता मेसेजही आला, 'रविवारी पांडवलेणी?' सोबत नाचणारं माकड.

तिनं एकदा तरी मागं वळून बघितलं असेल का, एवढंच डोक्यात फिरतंय. स्प्रेची बाटली अजून माझ्याच बॅगेत आहे. मेसेजला उत्तर दिलेलं नाही.

तुमच्याबरोबर झालंय का कधी असं? आणि पुढच्या रविवारी तुम्ही गेलात का?