बाबांच्या पाळीचं वचन

आमच्या घरात शास्त्र, म्हणजे बायबल, पाळीने वाचतात. सकाळी साडेपाचला एक अध्याय, प्रत्येकाने एकेक वचन: आधी आई, मग बाबा, मग मी. बसायच्या जागा ठरलेल्या होत्या, त्यावरून पाळी ठरली आणि ती कधी बदलली नाही. घरात कुणाला ताप असो की पाहुणे असोत, अध्याय चुकायचा नाही. पहिल्या पानावरून शेवटच्या पानाला पोचायला सव्वातीन वर्षं लागतात. पोचलं की दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा पहिलं पान उघडायचे. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्या गल्लीला आमच्या आवाजाने जाग येते, असं आई अभिमानाने सांगायची. मला त्यात अभिमानासारखं काही दिसलं नाही. मला झोप प्यारी होती.

नोकरी लागून अमरावतीला राहायला आले तेव्हा वाटलं, सुटले. कसलं काय! बाबांना मोबाइलचा स्पीकर सापडला. साडेपाचला फोन वाजायचा, मी तो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि एकीकडे चहा, एकीकडे वेणी, अशी माझी उपासना चालायची. बाबा सावकाश वाचायचे. आधी वचनाचा आकडा सांगायचा, मग घसा खाकरायचा, मग बोटाखाली ओळ धरून एकेक शब्द. मी इकडे घड्याळ बघत दात खायची.

त्या वर्षी मार्चअखेर सकाळची शाळा सुरू झाली होती. मी तिवस्याच्या शाळेत शिकवते, सहा दहाची गाडी पकडायची होती. आणि नेमका अध्याय आला नावांचा. शास्त्रात असे काही अध्याय आहेत, नुसती वंशावळ, अमक्याला तमका झाला आणि तमक्याला फलाणा. बाबा एका नावापाशी अडकले. पहिलं अक्षर तीनदा म्हणून झालं तरी पुढचं निघेना.

"बाबा, सोडा ना आता," मी म्हटलं. "तुमचं मीच वाचते. गाडी चुकून राहिली माझी."

"बरं," ते म्हणाले. "वाच."

मी त्यांचं आणि माझं, दोन्ही वचनं भराभर वाचत सुटले. मधे आई तिचं वाचायची, की पुन्हा मी. आमेन म्हणून फोन ठेवला. गाडी मिळाली, खिडकीची जागासुद्धा मिळाली. त्या दुपारी बाबा जेवून आडवे झाले ते उठले नाहीत.

बाबांना माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीही आईने शास्त्र उघडलं आणि पाहुणे असेपर्यंत एकटीनेच वाचलं. मी अमरावतीला परतल्यावर साडेपाचचा फोन पुन्हा सुरू झाला. आईने पहिलं वचन वाचलं आणि थांबली. मला वाटलं, रेंज गेली. पण तिकडचा पंखा ऐकू येत होता. बाबांना एक वचन वाचायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ ती थांबली असावी. मग मला कळलं आणि मी तिसरं वचन वाचलं. आईने चौथं वाचलं. पाचव्याला पुन्हा तेच.

तेव्हापासून रोज तसंच. अकोल्याला गेले की समोरासमोर बसूनही तसंच, फक्त तिथे मी पानावरची मान वर करत नसे. आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थनासुद्धा करत नाहीत. बाबा प्रभूजवळ गेले, असं मातीच्या वेळी आम्हीच मोठ्याने गायलं होतं. मग रोज पहाटे कुणासाठी थांबायचं? मनात संताप यायचा, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. मी बाबांना घाई केली त्या सकाळी आई त्यांच्या शेजारीच बसलेली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ही मला शिक्षा आहे, असंच मी धरून चालले होते आणि ती मला पटतही होती.

शांततेत हळूहळू आवाज यायला लागले. एकदा मला घसा खाकरल्याचं अगदी स्वच्छ ऐकू आलं. मी फोन बंद केला आणि आईला खोटंच सांगितलं, बॅटरी संपली म्हणून. शाळेत मुली ओळीने धडा वाचायच्या, तेव्हा पहिलीचं वाचून झालं की मी दुसरीला ऐकतच नसे. ती वाचत असायची आणि मला मात्र तिथे काहीच ऐकू यायचं नाही. मला भीती वाटायला लागली होती, खरंच भीती.

साडेआठ महिन्यांनी, डिसेंबरातल्या एका रविवारी, शास्त्रातलं सगळ्यात लांबलचक स्तोत्र आलं. एकशे शहात्तर वचनं. मी अकोल्यालाच होते. बाबांच्या वाट्याला त्यातली एकोणसाठ येणार, हे मी आदल्या दिवशीच मोजून ठेवलं होतं. एकोणसाठ वेळा हे सहन करायचं! पन्नासाव्या वचनापाशी माझा धीर सुटला आणि मी मान वर केली.

आई बाबांच्या जागेकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"काय पाहून राहिली तू?" मी ओरडलेच.

"तुयी वाट पाहून राहिली."

"माझी? माझी पाळी पुढची आहे."

"त्या दिवशी तूच म्हणली ना, तुमचं मीच वाचते म्हणून? ते बरं म्हणले. मंग आता कोन वाचनार ते?" आईने शाल सारखी केली. "मी रोज थांबून राहिली. म्हणलं आज वाचशीन, उद्या वाचशीन. तू वाचतच नाई."

"मले वाटलं, तू बाबांसाठी थांबतं."

"ते कायले येतीन आता? ते गेले ना, बाई."

मी पन्नासावं वचन वाचलं. घाई करायची ठरवली असती तरी जमली नसती. मग माझं एक्कावन्नावं वाचलं. बावन्नावं आईचं होतं. मातीच्या दिवशी आलेल्या माणसांना स्वतः चहा देणारी माझी आई, पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडली. मी थांबून राहिले. मग तिने डोळे पुसले, बावन्नावं वाचलं, आणि आम्ही ते स्तोत्र शेवटपर्यंत नेलं.

आता मधे कुठे थांबणं नाही. मी दोन वाचते, आई एक वाचते. वाटलं होतं, छातीवरचं ओझं उतरेल. शिक्षा नव्हतीच म्हटल्यावर उतरायला हवं होतं. पण ज्या शांततेला मी इतके महिने भीत होते, ती म्हणजे, एका वचनाएवढं का होईना, रोज सकाळी आमच्या दोघींमध्ये बाबांचं बसणं होतं. त्यांचं वचन वाचून तिथून त्यांना मी माझ्या तोंडाने उठवलं, दुसऱ्यांदा. साडेपाचला फोन वाजतो, आणि फोनवर आम्ही दोघीच असतो.