गाठ होती, कॅन्सर नव्हता

डॉ. सुनंदाबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. नऊ वर्षांपूर्वी शौचातून रक्त जायला लागलं म्हणून मी पौडला त्यांच्या दवाखान्यात गेले. दोन तास बसवलं, म्हणून चार माणसांत बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "झालं? आता आत चला."

दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ दिसली. बाईंनी तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत काही ठरवू नका म्हणून बजावलं. आमच्याकडे कोण थांबतंय! जावेनं पार नांदे-चांदे गावांपर्यंत कॅन्सर म्हणून कळवूनही टाकलं. घरातलं माणूस गेलं की वर्षभर कार्य करता येत नाही, म्हणून दिरांनी माझ्या राणीचं लग्न पुढच्याच आठवड्यात धरलं. पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मीही मान डोलावली. चुकलंच माझं.

राणी रडत बाईंकडे गेली. बाई तशाच आमच्या अंगणात आल्या. मांडवाचे बांबू येऊन पडले होते, त्यांच्यावरच बसल्या.

दीर म्हणाले, "डॉक्टर, तुमी औषधाचं बघा. वहिनीच्या डोळ्यांदेखत कार्य व्हायला पायजे."

बाई म्हणाल्या, "त्यांचं मरण तुम्ही ठरवलंत, मी नाही. रिपोर्ट येईपर्यंत एकही बांबू रोवायचा नाही." आणि चहा मागितला. दिरांना चहा सांगावा लागला.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी कुठलं वाचणार? बाईंनी चित्र काढून समजावलं. आतड्याचंच मांस, नुसतं वेडंवाकडं वाढलेलं. दिसायला कॅन्सरसारखं, पण कॅन्सर नाही. मग दुर्बिणीतूनच तारेच्या फासात धरून गाठ काढली. पोट फाडलं नाही.

घरी येऊन मी दिरांना म्हणाले, "न्हाई मरत मी. बांबू परत पाठवा."

त्यानंतर मी बाईंच्याच दवाखान्यात कामाला लागले. तुकडा तपासल्याशिवाय गाठीला नाव द्यायचं नाही, ही त्यांची रीत. पुण्यातलं चालतं काम सोडून त्यांनी पौडला दुर्बीण आणली, ती आमच्यासारख्या घाई करणाऱ्यांसाठीच. रिपोर्टच्या आधी रडणाऱ्यांना मी दटावते, तेव्हा त्या मलाच दटावतात. माझी तपासणी मी दरवर्षी विसरते, त्या विसरत नाहीत.

राणी शिकली, सिस्टर झाली, मग स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. त्या मांडवात मी नाचले. आता तिला सातवा महिना आहे. बारशाला बाई हव्यात, आणि त्या बाळाच्या लग्नालाही हव्यात, चालत आलेल्या. त्यासाठी पंचाहत्तरीच्या पुढेही निरोगी आयुष्य बाईंना मिळालंच पाहिजे. त्याहून कमी मी ऐकणार नाही.