सीतादहीचा रकाना

मला याद्या करायची सवय आहे. स्वयंपाकघरात वाणसामानाची, कपाटाच्या दारावर उन्हाळी कामांची, पर्समध्ये त्या दिवसाची. म्हणून बाभुळगाव तालुक्यातल्या आमच्या केंद्रातल्या अकरा शाळांसाठी चौथीच्या गणिताचं वार्षिक नियोजन कोणी करायचं असा प्रश्न जूनच्या बैठकीत निघाला, तेव्हा केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाकीच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मलाही आनंदच झाला. दोन रविवार बसून मी ते केलं. आडव्या ओळीत महिने, उभ्या रकान्यात घटक, कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं, किती तासिका, साहित्य कोणतं. दिवाळीची सुटी संपली की मुलं ताजीतवानी येतात, म्हणून सगळ्यांत अवघड घटक, म्हणजे भागाकार, सुटीनंतरच्या पाच आठवड्यांत टाकला. बाभुळगावला झेरॉक्स काढून प्रत्येक शाळेला प्रत दिली. केंद्रप्रमुख म्हणाले, "याला म्हणतात काम." मी आठवडाभर खूश होते.

कापसाचे भाव पडलेली ती वर्षं. वेचणीला बाया लावणं बऱ्याच घरांना परवडेनासं झालं होतं, त्यामुळे घरचीच माणसं वेचायला जात, आणि घरच्या माणसांत चौथीतली मुलंही येत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या शाळेतली मुलंही जायचीच. पण ठाऊक असणं आणि ते कागदावर येणं यात माझ्याच बाबतीत किती अंतर होतं, ते मला डिसेंबरात कळलं.

शेजारच्या गावच्या शाळेवर एक तरुण शिक्षण सेविका होती. दारव्ह्याची मुलगी, गावात खोली घेऊन राहायची. तिची मानधनावरची तीन वर्षं चार महिन्यांनी भरणार होती आणि कायम होण्यासाठी विस्तार अधिकाऱ्यांचा कामाचा अहवाल चांगला यायला हवा होता. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ती जीपने माझ्याकडे आली. हातात टाचण वही, रोज काय शिकवलं ते लिहायची.

"मॅडम, बुधवारी साहेब येऊन राह्यले आमच्या शाळेत."

"मग येऊ दे की."

तिने वही उघडून पुढे सरकवली. रोजचं टाचण सुरेख अक्षरात. भागाकार, एक अंकी. भागाकार, बाकी उरणारा. भागाकार, दोन अंकी. पाचही आठवडे माझ्या नियोजनाप्रमाणे, घटक पूर्ण.

"छान आहे."

"छान काय, मॅडम. वर्गात बारा पोरं. सीतादही झाली तेव्हापासून चारच्या वर कोणी येतच नाही. मी शिकवलं कोणाले?"

सीतादही म्हणजे पहिल्या वेचणीआधी शेतात होणारी पूजा. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, मग कापसाला हात लावायचा. त्या दिवशी मुलं अर्ध्या दिवसाची सुटी मागतात आणि आम्ही देतो. ती सुटी संक्रांतीपर्यंत लांबते, हे कुठल्याच वहीत नसतं.

"मग असं लिहिलं काहून?" मी विचारलं. चिडले की मीही वऱ्हाडीवर येते.

"तुमच्या कागदात होतं म्हणून! मले वाटलं, नियोजनात अन् टाचणात फरक दिसला तं साहेब माईच चूक काढतील. आता ते पोराईले भागाकार विचारतील, अन् माया अहवाल..."

मी तिला चहा दिला आणि आतल्या खोलीत गेले. कपाटात माझ्या सहा वर्षांच्या लहान डायऱ्या होत्या. रोजची हजेरी मी त्यात उतरवत असे. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, सवयीने. त्या काढून ओट्यावर ओळीने मांडल्या. सहाही वर्षं सारखंच चित्र. गणपतीच्या सुमारास वर्ग गच्च भरलेला, दिवाळीनंतर निम्म्याहून कमी, संक्रांतीनंतर पुन्हा भरलेला. सगळं माझ्याच अक्षरात. भागाकार नेमका खड्ड्यात टाकला होता मी.

ती म्हणाली, "नवी वही करू का? तीन दिवस आहेत."

"नाही. पानंही फाडायची नाहीत. खाली आजची तारीख टाक आणि लिही, वरील घटक शिकवून झालेले नाहीत, उपस्थिती कमी होती."

"हे लिवलं तं गेलीच ना माई नोकरी."

"आणि नाही लिहिलं, तर एखादं पोरगं फळ्यासमोर उभं राहील तेव्हा?"

तिने लिहिलं. अक्षर तेवढंच सुरेख. त्याखाली मी माझी सही केली: नियोजन माझे आहे. बुधवारी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून, डायऱ्या पिशवीत घालून मी तिच्या शाळेत गेले.

साहेबांनी वही वाचली. चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही खोटं टाचण लिहिलं."

"हो साहेब. लिवलं," ती म्हणाली. मी डायऱ्या काढायला पिशवीत हात घातला होता, पण तिने मान खाली घातली नाही, म्हणून हात मागे घेतला.

साहेबांनी पुढच्या बाकावरच्या मुलीला उठवलं. "भागाकार येतो का?"

"नाही जी."

"का नाही?"

"मी कालच आलो ना जी वेचून. मॅडम म्हणल्या, सारे आले का मंग शिकवतो."

साहेब हसले नाहीत, पण मुलीला बसायला सांगताना आवाज मऊ झाला. मग मी डायऱ्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी एकेक चाळली.

"ही हजेरी लिहायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग नियोजन करताना ती का पाहिली नाही?"

नियोजन ही एक यादी आणि हजेरी ही दुसरी, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्यांनी शेरेबुकात लिहिलं: चुकीच्या टाचणाबद्दल समज दिली, शिक्षिकेने चूक स्वतःहून नोंदवली, फेब्रुवारीअखेर भागाकार पूर्ण करावा, त्यानंतर अहवाल देऊ. जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "पुढच्या वर्षीचा कागद तुम्हीच करा. सुटका नाही."

संक्रांतीनंतर तिने सकाळी अर्धा तास आधी शाळा उघडायला सुरुवात केली. चिंचोक्यांचे वाटे घालून भागाकार चालला. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात साहेबांनी बाराही मुलांना फळ्यावर बोलावलं. अकरांना आला. बारावा बाकी लिहायला विसरला, साहेब म्हणाले, "हे मीही विसरायचो." अहवाल चांगला गेला आणि ती कायम झाली.

जूनच्या बैठकीत मी नवा कागद मांडला. भागाकार भाद्रपदात, वेचणीच्या आठवड्यांत मोजमाप आणि उजळणी. अगदी डावीकडे एक कोरा रकाना, वर शीर्षक: सीतादही केव्हा?

एक जुने गुरुजी म्हणाले, "म्हणजे आता गणित पंचांग पाहून शिकवायचं का, मॅडम?"

"पंचांग नाही, गुरुजी. गावात विचारून."

दिवाळीच्या आधी अकराही कागद भरून परत आले. सगळ्यांत पहिला तिचा. रकान्यात तारीख होती आणि तिच्या सुरेख अक्षरात पुढे एक ओळ: भागाकार झाला, सगळे हजर होते, आता खुशाल जाऊ द्या.

मी माझ्या यादीतलं त्या दिवसाचं पहिलं काम खोडलं: तिच्या शाळेत भागाकार झाला का, विचारणे.