गयाबाईला विचारायचं राहिलं होतं

चूक माझीच, म्हणून रविवारची झोप सोडून मीच निघाले.

नांदेडला बसून मी गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्या तयार करते. झाडं कुठली, जनावरं कुठली, ती राखली कुणी. देशोदेशींनी एकत्र बसून केलेल्या कराराचं हे अगदी खालचं टोक. करार सांगतो, नमुने न्यायचे तर ज्यांनी वाण जपला त्यांना आधी विचारा. देवणी गाईंच्या रक्ताचे नमुने घ्यायला संशोधकांचं पथक येणार होतं, आणि ‘राखणारे’ या रकान्यात मी फोनवरूनच गाईंच्या मालकाचं, व्यंकटरावांचं, नाव ठोकून दिलं होतं. गाई बटईनं गयाबाईकडे आहेत हे मागाहून कळलं. म्हणजे गाय मालकाची, राबणं गयाबाईचं, वासरं निम्मी निम्मी.

नायगाव, देगलूर करत एसटीनं उदगीर गाठलं. बायकांना अर्धं तिकीट आहे, जागेची मात्र खात्री नाही. स्टँडजवळ तीस रुपयांची सुशीला, म्हणजे फोडणी दिलेले चुरमुरे, खाल्ली, झणझणीत. देवणीच्या बसमध्ये निम्मी बोलणी कानडीत चालली होती. देवणीहून गयाबाईंच्या गावात जायला रिक्षा मिळते.

गयाबाई साठीच्या. दारावर पंचशील झेंडा, अंगणात चार गाई. देवणीतच तोंडाच्या बाजू काळ्या ती वान्नेरा, हे त्यांनीच दाखवलं. तेवढ्यात व्यंकटराव आले. मला वाटलं, आता बिनसणार. त्यांनी जवळच्या गाईच्या पाठीवर हात ठेवला.

“गाय माझी हाय बाई. पन वळू कोन्ता लावायचा ते हिलाच पुसावं लागतंय.”

मी करार समजावला. गयाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“येवढ्या लांबच्या लोकांनी पुसलं व्हय, कोन राखतंय म्हनून? गावानं तर कदी पुसलं न्हाई.”

मला मान वर करवेना. तिकडच्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता, उत्तर मी चुकवलं होतं. दोघांच्या सह्या घेतल्या, गयाबाईंचं पूर्ण नाव लिहिलं आणि संध्याकाळच्या बसनं परतले. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती वर पाठवली.

पंधरा दिवसांनी गयाबाईंचा फोन आला. पथक येऊन गेलं होतं.

“मला इचारलं त्यांनी. म्या न्हाई म्हनले. गाय गाभण हाय, व्याली की या म्हनलं.”

आणि ते परत गेले. फोन ठेवला तेव्हा माझे डोळे भरले होते. टेबलावर बाकीच्या गावांच्या वह्या होत्या, सगळ्या मी फोनवरून भरलेल्या.